पंचवीस अंशांचा उतार

बन्सीधरकाकांच्या गोठ्याच्या छपरासाठी लोखंडी अँगल किती लांब कापायचे, ते डिप्लोमाला शिकणाऱ्या अर्पितानं हिशेबानं काढून दिलं होतं: दहा फूट. आज चढवले तर प्रत्येक अँगल फूटभर तोकडा पडला.

"डोळे फुटले व्हते का रे पंडित?" काका वेल्डरवर खेकसले. "पोरीनं आकडा सांगितला व्हता की."

अर्पितानं कॅल्क्युलेटर काढलं. परीक्षेपासून ते रेडियनवरच राहिलं होतं. उताराचे पंचवीस अंश त्यानं रेडियन धरले होते. तिनं गुपचूप बटण दाबून ते अंशांवर आणलं.

"माझंच चुकलं असंल, मालक," पंडित म्हणाला. "ताई, आकडा परत सांगता का?"

"अकरा फूट."

पंडितचा खडू थांबला. काकांकडं न बघता त्यानं नव्या अँगलवर अकरा लिहिलं.