वेगाचा काटा

वैदेहीने ग्लायडर धावपट्टीवर थांबवायचं सोडून पलीकडच्या दगडी गडग्यावर नेऊन घातलं, तेव्हा सगळ्यात मोठ्या आवाजात मीच बोललो. तिला खरचटलंही नव्हतं, पण उजवा पंख मोडला होता. "काट्यावर वेग बरोबर होता, राजाकाका," ती पुन्हा पुन्हा सांगत होती. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "अगो, काटा मी स्वतः तपासलाय. तू बघितलाच नसशील."

रत्नागिरीबाहेरच्या कातळाच्या सपाट सड्यावर आमचा लहानसा क्लब आहे. मी मूळचा आंबेवाला. पण ग्लायडरची यंत्रं तपासायचं काम हौसेने अंगावर घेतलंय, आणि त्याचा तोराही मिरवतो. ग्लायडरच्या नाकावरच्या नळीत समोरून हवा शिरते आणि तिच्या दाबावर वेगाचा काटा चालतो. आतला पाइप गळत असेल तर काटा वेग कमी दाखवतो. मग चालवणारा बिचारा वेग वाढवतो, आणि उतरताना ग्लायडर थांबता थांबत नाही. शिकाऊ पोरांना हे मीच घोकायला लावतो.

अपघातानंतर नेहमीसारखी सकाळीच तपासणी केली. दुपारी कातळावर पाय ठेववत नाही. नळीला सिरिंज जोडून दाब दिला, काटा वर चढला आणि तिथेच राहिला. गळती नाही, असं मी छातीठोकपणे सांगितलं. वैदेहीला पुन्हा एकटीने उडू द्यायचं की नाही, हे रविवारच्या बैठकीत ठरणार होतं, आणि ते कसं ठरणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आदल्या दिवशी भर दुपारी मी ग्लायडरवर ताडपत्री घालायला गेलो. सिरिंज पिशवीत होती, म्हणून सहज दाब दिला. काटा चढला आणि हळूहळू खाली यायला लागला. पुन्हा दाब दिला, पुन्हा तेच. पॅनेलमागे हात घातला तर जोडावरचा पाइप मऊ पडून सैल झाला होता.

तो पाइप मी घातलेला. हंगामाच्या सुरुवातीला जुना तडकला, नवा वेळेवर येईना, म्हणून घरच्या फवारणी पंपाच्या पाइपचा तुकडा कापून बसवला. बागेत काहीही मोडलं की आम्ही तोच पाइप लावतो आणि पुढच्या कामाला लागतो. सकाळच्या गारव्यात तो जोड घट्ट धरायचा आणि कॉकपिटच्या काचेखालच्या उन्हात सोडायचा. मी तपासायचो सकाळी आणि पोरं उडायची दुपारी, तापलेली हवा वर चढते तेव्हा. इतकी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही याची मला मनापासून लाज वाटली.

खरा पाइप एव्हाना येऊन शेडमध्ये पडला होता. बदलला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. खोटं कशाला सांगू, गुपचूप बदलून टाकायचा विचार मनात आला, आणि बराच वेळ राहिला. तुकडा काढून मी खिशात घातला.

तेवढ्यात स्कूटरवरून वैदेहीच आली. तिच्याकडे असायची ती शेडची किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाली, "संदेश सरांना सांगून आले. माझंच चुकलं म्हटलं. उद्या बैठकीत तुम्हाला कुणाशी वाद घालायला नको." सर म्हणजे आमचे प्रशिक्षक. तिचा आवाज अगदी शांत होता, आणि त्यानेच माझा धीर सुटला.

मी खिशातला तुकडा काढून तिच्यापुढे धरला. "तुझं काही चुकलं नाही. हा मी बसवला होता. उन्हात गळतो. उद्या सगळ्यांसमोर सांगणार आहे."

तिने तो बोटांनी दाबून पाहिला. ती चिडेल असं मला वाटलं; चिडली असती तर बरं झालं असतं.

"मी डोळे तपासून आले, काका," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत. मला त्यांचं खरंच वाटेना. तुम्ही म्हणालात ना, मी बघितलंच नसेन."