दोरीशिवाय भोवरा

समजा हं, तुमच्याकडे एक भोवरा आहे आणि त्याची दोरी शेजाऱ्याकडे. शेजारी म्हणतो, "दोरी माझी, देणार नाही." आता फिरवा बरं भोवरा!

एका सिनेमाचं अगदी असंच झालं. चित्रकथांच्या पुस्तकांत 'भोवऱ्या' नावाचा वीर होता आणि 'दोरी' ही त्याची बहीण. ती त्याला गुंडाळून भिरकावायची, की तो गरगर फिरत चोरांची दाणादाण उडवायचा. पण चित्रकाराने सिनेमाचे हक्क विकताना भाऊ एका कंपनीला दिला आणि बहीण दुसरीला. कंपन्या कोर्टात भांडत बसल्या, आणि सिनेमा निघाला तो एकट्या भोवऱ्याचा. त्यात तो पट्ट्यावरचं बटण दाबून फिरतो.

"बटण दाबून मिक्सर फिरतो!" जाहिरात बघून नऊ वर्षांची ताई करवादली.

तरी ती आणि तिचा धाकटा भाऊ बारक्या सिनेमाला जाणारच होती. कारण दोघांचे पोशाख मावशीने आधीच शिवले होते. त्याचा तांबड्या-हिरव्या पट्ट्यांचा, कमरेला लांबलचक शेला. तिचा पिवळा, खांद्यापासून पायापर्यंत पीळ घातलेल्या कापडाचा. ते पीळ घालायला ताई महिनाभर रोज शाळेतून आली की मावशीच्या मशीनपाशी बसली होती. पहिल्या खेळाआधी पोशाख घातलेल्या मुलांचा मंचावर फोटो निघणार होता. त्या फोटोत तिला बारक्याच्या शेजारी उभं राहायचं होतं.

मावशीसह तिघं थेटरात पोहोचली. मंचाच्या पायऱ्यांपाशी व्यवस्थापकांनी ताईला अडवलं. त्यांच्या हातात सिनेमा कंपनीचं पत्र होतं.

"बाळ, दोरीच्या पोशाखात वर जाता येणार नाही. ती दुसऱ्या कंपनीची आहे."

"काका, हा मावशीने शिवलाय. कंपनीने नाही."

"अगं, मला कळतंय. पण पत्र आलंय. माझे हात बांधलेत."

"दोरीने का?" रांगेतला एक दादा ओरडला. हशा पिकला. काकांनाही हसू आलं, पण ते बाजूला झाले नाहीत.

"आणि सिनेमात भोवऱ्याला बहीणच नाही," ते म्हणाले.

"मला आहे ना," बारक्या म्हणाला. "ही काय!" आणि तो पायरीवरच फतकल मारून बसला.

ताईने पत्र मागून घेतलं आणि ओळ न ओळ वाचलं. दोरीचा पोशाख, दोरीचा मुखवटा, दोरीचं नाव, सगळ्याला मनाई होती.

"सख्ख्या बहिणीबद्दल यात काहीच नाही, काका."

काकांनी चष्मा कपाळावर चढवून पत्र पुन्हा वाचलं. "नाही खरं," ते म्हणाले आणि वाट सोडली.

ताईने पिवळा पोशाख उतरवला. आत रोजचाच फ्रॉक होता. पीळ विसकटू नयेत अशी घडी घालून तिने तो मावशीच्या हातात दिला आणि डोळे बाहीला पुसले. मग बारक्याला उठवून ती मंचावर गेली. त्याच्या कमरेचा शेला तिने त्याच्याभोवती तीन वेढे गुंडाळला.

"हलू नका रे!" फोटोवाला म्हणाला.

ताईने शेल्याचं टोक घट्ट धरलं आणि जोरात ओढलं.