चव बघणारी

एप्रनचा बंद तुटला तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झाली होती, आणि चार वाजता सहा बायका येणार होत्या. गॅसवर कांदा होता. मंद आचेवर चाळीस मिनिटं, त्यातली बावीस झालेली. तिने आच आणखी बारीक केली, तुटका बंद मुठीत धरून पुढच्या खोलीत गेली आणि नणंदेच्या शिलाई मशीनचा डावा खण ओढला.

नणंद चार दिवस मैत्रिणीकडे गेली होती. घरात असती तर सुई शोधायची वेळच आली नसती. बंद तुटल्याचं हिला कळायच्या आत तिने तो शिवून दिला असता.

खणात बॉबिनी होत्या, खडूचे झिजलेले तुकडे होते, बटणांची डबी होती. डबीच्या मागे चकचकीत पाकिटं उभी रचून ठेवलेली. एकाचं तोंड फोडून नीट दोन घड्या घातलेल्या आणि वर सेफ्टी पिन. टाचणीसुद्धा तिरकी न लावणाऱ्या बाईचं काम ते. तिने पिन काढली आणि पाकीट नाकाशी नेलं.

तिच्याच सूपचा वास आला.

ती तशीच मशीनच्या स्टुलावर बसली. मग पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचली. शाळेच्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं मदतनीस म्हणून काढलेल्या माणसाला अशा याद्या वाचायला शिकवावं लागत नाही. जे सगळ्यात जास्त, ते सगळ्यात आधी. पहिला शब्द मीठ होता.

दोन वर्षांपूर्वी नवरा जिन्यावर मटकन बसला आणि त्याला उठताच येईना. डॉक्टरांनी रक्तदाबाचे आकडे सांगितले, आणि पाकिटातलं, डब्यातलं, बाटलीतलं सगळं बंद करायला सांगितलं. घरी येऊन तिने कपाट रिकामं केलं. त्या दिवसापासून धान्य घरात दळलं जाऊ लागलं, डाळी रात्रभर भिजू लागल्या, दह्याला विरजण घरचं, पाव घरचा. भाज्या तराजूवर चढू लागल्या. प्रत्येक बरणीवर तिच्या अक्षरात नाव आणि तारीख. एक मोठी वही झाली. नवरा म्हणायचा, "आपल्याकडे जेवण होत नाही, प्रयोग होतो. निरीक्षण, अनुमान, भांडी."

फक्त एक गोष्ट तिला जमायची नाही. प्रयोगशाळेत काहीही जिभेला लावायचं नसतं, हे तिने मुलांच्या कित्येक तुकड्यांना ओरडून ओरडून सांगितलं होतं आणि ते तिच्याच हाडात मुरलं होतं. स्वयंपाक होत असताना ती चमचा तोंडाला लावायची नाही. ते काम नणंदेचं. हाक मारली की ती मशीनवरून उठायची, हात धुवायची, पातेल्यावर वाकायची. तेवढ्या वेळात ही वहीत वेळ लिहून घ्यायची.

"आता झालं बघ, वहिनी," नणंद म्हणायची.

आणि खरंच झालेलं असायचं. पानावर बसल्यावर बहीणभाऊ आधी एकमेकांकडे बघायचे, मग तिच्याकडे बघून म्हणायचे, छान. त्या बघण्याचं तिला कौतुक वाटायचं. एका आईच्या हातचं जेवलेली दोन माणसं, असं वाटायचं.

शेजारणी चव विचारायला आल्या, मग शिकायला येऊ लागल्या. गुरुवारचा वर्ग असा सुरू झाला. मीठ जवळपास नाही आणि तरी ही चव कशी, असं कोणी विचारलं की ती म्हणायची, "धीर. सगळी चव कांद्याच्या धीरात आहे." हे वाक्य एकीने आपल्या फ्रीजवर लिहून चिकटवलं होतं.

कांद्याचा वास बदलला तशी ती उठली. ढवळून आली. मग पाकीट घेऊन मागच्या खोलीत गेली.

नवरा खिडकीशी बसून एका जुन्या शब्दकोशाचा कणा डिंकाने जोडत होता. बाइंडिंगचं दुकान मुलाच्या हाती दिल्यावर दुपारी चार ते सहा तो कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात बुद्धिबळ खेळायला जायचा. महिन्यापूर्वीपर्यंत. महिन्यापूर्वी डॉक्टरांनी गोळी वाढवली होती आणि चष्मा काढून म्हणाले होते, "दोन वर्षांत आकडे खाली यायला हवे होते. कुठूनतरी मीठ येतंय."

"माझ्या स्वयंपाकघरातून नाही," ती म्हणाली होती.

परत येताना रिक्षात तिने नवऱ्याला सुनावलं होतं. त्या दुकानातली भजी, ती खारी, ते मित्र. मी इथे डाळ निवडत बसते आणि तुम्ही तिथे तोंड चालवता. तो बाहेर बघत म्हणाला होता, "बरं." दुसऱ्या दिवसापासून तो गेलाच नाही. मित्र एकदा बोलवायला आले, जिन्यात उभे राहिले, हिचा चेहरा बघून चपला न काढताच परतले.

तिने पाकीट शब्दकोशावर ठेवलं.

नवऱ्याने चष्मा खाली ओढून बघितलं. बोटांचा डिंक लागू नये म्हणून नखानेच ते जरा फिरवलं.

"हिरवं दिसतंय," तो म्हणाला. "आधी पिवळं असायचं."

हे बोलून झाल्यावर त्याचा हात थांबला.

"आधी म्हणजे कधी?" तिने विचारलं.

तो डिंकाच्या बाटलीचं झाकण लावू लागला. झाकण आट्यांवर बसेना.

"अहो, कधी?"

"पहिल्याच महिन्यात. अगं, पहिला महिना आम्ही जेवत नव्हतो, औषध घेत होतो. मी अर्ध्यावर उठायचो. छोटीला बघवेना." अठ्ठावन्न वर्षांच्या बहिणीला तो अजून छोटीच म्हणायचा. "अर्धा चमचा पूड घालते ती. जास्त नाही."

"दोन वेळा. रोज."

"हो."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तू एवढी खूश होतीस. वही, वर्ग. कसं सांगणार?"

"डॉक्टरांसमोर मी काय बोलले, ऐकलंत ना?"

"शेजारीच बसलो होतो."

"मी रिक्षात तुमच्यावर आळ घेतला."

"घेतलास."

"आणि तुम्ही 'बरं' म्हणालात."

तो शब्दकोशाच्या कण्याकडे बघत राहिला. "एकाने तरी घ्यायलाच हवा होता. मला सवय आहे. छोटीला झेपला नसता."

रागवायला सोपा माणूस समोर असता तर बरं झालं असतं. या माणसाने महिनाभर खिडकीशी बसून शिक्षा भोगली होती, ती चुकीच्या गुन्ह्याची, आणि तीही तिला काही कळू नये म्हणून. घरात तिघं राहत होती. त्यातली दोघं एका घरात, आणि ती दुसऱ्यात.

"खेळायला जा," ती म्हणाली. "पट मांडून ठेवला असेल त्यांनी."

"तुझ्या बायका यायच्यात. स्टुलं लावून देतो."

"मी लावीन."

तो गेला. जाताना चपला पायात अडकवायला त्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

बायका आल्या. सूप झालं. डाळ, भोपळा, गाजर, चाळीस मिनिटांचा कांदा. दवाखान्यात नर्स असलेली मुलगी नेहमीप्रमाणे मागच्या स्टुलावर बसली होती. सगळ्यांत कष्टाळू तीच, आणि बोलणी खाणारीही तीच.

"काकू, याही वेळी घरी करून बघितलं," ती ओशाळून म्हणाली. "वजन करून, घड्याळ लावून. तुमच्यासारखी चव येतच नाही. आमचे हे म्हणतात, दवाखान्यातून आणलंस का."

बायका हसल्या. गेल्या गुरुवारी ती स्वतःही हसली होती आणि म्हणाली होती, तू कांद्याची घाई करतेस.

"आज चव बघायला ताई नाहीत वाटतं?" कोणीतरी विचारलं.

"नाहीत."

तिने चमचा पातेल्यात बुडवला, फुंकर घातली आणि सगळ्यांदेखत तोंडात घातला. कोमट, गोडसर, जाडसर काहीतरी जिभेवरून घशात गेलं. मागे काहीच उरलं नाही. भोपळा भोपळ्यासारखा लागत होता. तिने दुसरा चमचा घेतला, जणू पहिल्यात मोजमाप चुकलं असेल.

"तुझा कांदा बरोबर होता," ती नर्सला म्हणाली. "पहिल्या दिवसापासून."

नर्सने मान डोलावली, पण तिला काही कळलं नव्हतं. बाकीच्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

शनिवारी दुपारी नणंद परत आली. हातात पिशवी, तोंडात मैत्रिणीच्या सुनेच्या तक्रारी. बोलता बोलताच मशीनपाशी थांबून तिने डावा खण ओढला. बॉबिनी होत्या, खडू होते, बटणांची डबी होती. डबीमागची जागा पुसून घेतलेली होती. तिचं बोलणं मध्येच तुटलं. खण हळूच बंद झाला.

मग ती स्वयंपाकघरात आली, हात धुतले, पदराला पुसले, आणि दोन वर्षांच्या सवयीने पातेल्याशेजारी उभी राहून चमच्यासाठी हात पुढे केला.

"मी बघितली चव," ही म्हणाली. "अळणी आहे. बसा जेवायला, वन्सं."

नणंदेचा हात तसाच राहिला. "वहिनी, दादा उपाशी उठायचा गं."

"मला सांगायचं होतंत."

"तू नुसतं वहीत लिहिलं असतंस."

ते खरं होतं. तिने तीन वाट्या भरल्या. नवरा येऊन बसला, नणंद बसली, ती बसली. नवऱ्याने अर्धी वाटी संपवली. नणंद गाजराचा तुकडा चमच्याने वाटीत फिरवत होती.

"कसं झालंय?" तिने विचारलं.

दोघांनी आधी एकमेकांकडे बघितलं.