न्यायमूर्तींची वाट पाहिलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. आजवर माझ्यावर पुष्कळ जण बसले, पण ज्यांच्यासाठी मला घडवले ते मात्र कधीच आले नाहीत.

उत्तर आफ्रिकेतल्या ट्युनिस या राजधानीच्या जुन्या शहरात, सुतारांच्या गल्लीत माझा जन्म झाला. लोकांनी हुकूमशहाला पळवून लावले होते आणि देशाला नवी राज्यघटना मिळाली होती. त्या घटनेत एक मोठे न्यायालय सांगितले होते. एखादा कायदा माणसाचे हक्क तुडवू लागला, तर तो रद्द करण्याचा अधिकार त्याच एका न्यायालयाला होता. न्यायमूर्ती बारा, म्हणून खुर्च्याही बारा. हमादी सुताराने आम्हाला अक्रोडाच्या लाकडात घडवले. माझ्या पाठीवर तराजू कोरताना त्याने आपल्या लेकीला, उमैमाला, हाक मारली.

"बघ गं, उद्या तुझ्यावर कुणी अन्याय केला, तर इथे बसणारा माणूस त्याचा कान धरेल."

"तो धरेल तेव्हा धरेल. बाबा, पुदिन्याचा चहा गार होतोय, तो आधी धरा!"

आम्ही न्यायालयाच्या दालनात पोहोचलो तेव्हा केवढी वाहवा झाली! मंत्र्यांनी आमच्यासोबत फोटो काढून घेतले. मग संसदेने न्यायमूर्ती निवडायचे ठरले आणि नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने आली. विद्वान लोक काखेत देशोदेशींच्या घटना घेऊन येत. जर्मनीत असे आहे, दक्षिण आफ्रिकेत तसे आहे. दुसऱ्यांच्या घरचे मसाले चाखता चाखता आपली चूल पेटवायची राहून गेली. खासदारांचे तर विचारूच नका. दोघांची एकदा माझ्या शेजारीच जुंपली.

"तुमच्या उमेदवाराला नमाजापलीकडे काही कळत नाही."

"आणि तुमच्या उमेदवार बाईंना अल्ला आठवतो तो फक्त शिंक आल्यावर!"

"मग राहू दे खुर्ची रिकामी."

"राहू दे! तुमचा माणूस बसण्यापेक्षा रिकामी बरी."

मला त्या दोघांचा अजून राग येतो. घाई कशाला, न्यायालय काय पळून जाते आहे, असेच सगळ्यांना वाटत होते. आमच्यावर प्लास्टिक चढले आणि प्लास्टिकवर धूळ साचत गेली.

काही वर्षांनी दारात ओळखीचा आवाज आला. हमादी होता, सोबत एक वकीलबाई. पावाच्या रांगेत उभी असताना उमैमा म्हणाली होती, "आमच्या पोटाला रांग आणि गव्हर्नरसाहेबांच्या पोटाला नाही, असं का?" कुणीतरी ते फोनवर टिपले आणि अधिकाऱ्याचा अपमान केला म्हणून तिला उचलून नेले. कायदा जुन्या हुकूमशहाचाच होता.

"घटनेत लिहिलंय ना, बोलायची मोकळीक आहे म्हणून?" हमादी विचारत होता.

"लिहिलंय, काका. पण जुना कायदाही अजून तसाच आहे. खालचे न्यायाधीश म्हणतात, तो रद्द करणं त्यांच्या हातात नाही. ते फक्त इथल्या न्यायालयाच्या हातात."

"मग अडलंय कुठे? त्यांच्या खुर्च्या मीच केल्यात. ओळख सांगतो की!"

पहारेकऱ्याने दार उघडले. हमादीने आमच्यावरचे प्लास्टिक पाहिले.

"आज सुट्टी आहे का?"

"काका, इथे न्यायमूर्ती बसलेच नाहीत. तुम्हाला तीनदा सांगितलं, तुम्ही ऐकेनात. म्हणून दाखवायला आणलं."

"अहो, मी साऱ्या गल्लीला सांगत फिरलोय, आता कुणाला भ्यायचं कारण नाही म्हणून..." आपल्या बाहीने तो माझ्यावरची धूळ पुसत राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

उमैमाला दोन वर्षांची शिक्षा झाली. संसद लवकरच नेमणुका करील, असा धीर वकीलबाई देत होत्या. पण एका संध्याकाळी टीव्हीवर राष्ट्राध्यक्षांचे भाषण झाले आणि संसदेलाच कुलूप लागले. हे कुलूप बेकायदा आहे, असे कोण सांगणार? सांगण्याचा अधिकार होता त्याच बारा जणांना. खासदार मंडळी स्वतःच्याच हाताने उघड्यावर पडली. पुढे ती घटनाही गेली.

मग आम्हाला लग्नाच्या एका सभागृहात पाठवायचे ठरले. लाकडाचा जाणता म्हणून हमादीलाच बोलावणे गेले.

"उस्ताद, पाठीवरचे तेवढे तराजू तासून टाका," कारकून म्हणाला. "लग्नात बरे दिसत नाहीत."

हमादीने पटाशी खाली ठेवली. "जरा बसू का?"

"बसा की. तुम्हाला कोण उठवतंय!"

तो माझ्यावर बसला. माझ्यावर बसलेला तो पहिला माणूस. रिकाम्या दालनाकडे पाहून त्याने घसा खाकरला.

"उमैमानं गुन्हा केलेला नाही. हा कायदा रद्द. पोरीला घरी सोडा."

कारकुनाने हळूच विचारले, "झालं का, उस्ताद?"

"झालं," हमादी म्हणाला. मग त्याने पटाशी उचलली आणि स्वतःच कोरलेले तराजू एकेक करून तासून काढले.

आता माझ्यावर नवरदेव बसतात. मित्रांनो, खुर्ची झाकून ठेवली म्हणजे तिची निगा राखली, असे होत नाही. तुमच्या देशातही हक्कांची राखण करणारी अशी एखादी खुर्ची असेल. तिथे कोणी बसायचे यावरून मोठी माणसे भांडत असतील, तर त्यांना झोपू देऊ नका. माझ्यावर बसून आजवर एकच निकाल दिला गेला. तो कुणीही मानला नाही. उमैमा अजून तुरुंगात आहे.