मी एक भोकाचा आरसा

मी एक आरसा आहे, पण तोंड बघायचा नव्हे. डोंगरात अडकलेल्या माणसाने माझ्या मधल्या भोकातून नेम धरायचा आणि उन्हाचा कवडसा दूरवर फेकून मदत बोलवायची, हे माझं काम.

साहेबांनी मला घरी आणलं तेव्हा त्यांची बायको म्हणाली, "भोक पडलेला आरसा? फसवलं हो तुम्हाला."

"संकटकाळचं साधन आहे," साहेब म्हणाले. पण माझ्यावरचं पातळ प्लास्टिक त्यांनी काढलं नाही. ओरखडे पडले तर? त्यांच्या घरातला सोफाही अजून प्लास्टिकमध्येच आहे. मला ऑफिसात नेऊन डब्याच्या सुट्टीत ते सगळ्यांना संकटात डोकं शांत कसं ठेवावं ते सांगत.

एकदा साडूंना घेऊन ते डोंगरावर गेले. पायवाट सोडून साहेबांनी जवळचा रस्ता धरला. तिथे साडू घसरले आणि त्यांचा पाय मोडला. फोनला रेंज नव्हती. चूक कुणाची, यावर दोघे ऊन कलेपर्यंत भांडले. मग साहेबांना मी आठवलो. बाहेर काढून आधी त्यांनी माझ्यात केस सारखे केले. लोक येणार, फोटो निघणार.

मग त्यांनी मला नुसतं हलवलं. मिणमिणता उजेड समोरच्या झुडपावर पडत राहिला.

"आधी ते प्लास्टिक काढा," साडू कण्हत म्हणाले.

"नवीन आहे हो."

"मीही फारसा जुना नाही. द्या इकडे."

साडूंनी दातांनी प्लास्टिक ओढून काढलं. दरीपलीकडे धरणाची चौकी होती. माझ्या भोकातून बघत, दुसरा हात लांब करून त्यांनी तिला दोन बोटांच्या फटीत धरलं आणि कवडसा त्या फटीतून पुन्हापुन्हा फिरवला. चौकीतला माणूस बाहेर आला, त्याने डोळ्यांवर हात धरून बघितलं आणि तो आत गेला. साडूंनी डोळे मिटले. मला मात्र खाली ठेवलं नाही. थोड्या वेळाने तो दुसऱ्याला घेऊन आला आणि टॉवेल हलवू लागला. आम्ही बसलो होतो तो कडा सावलीत गेला, तो त्यानंतरच.

पुढे साहेब पाहुण्यांना सांगू लागले, "सगळं मीच निभावलं."

प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून साडू म्हणत, "हो, पायही यांनीच मोडला."

आता मी दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये असतो. इथे ऊन येत नाही. उद्या साहेब अख्ख्या ऑफिसला त्याच डोंगरावर नेणार आहेत.

"आरसा घेतला का?" बायकोने विचारलं.

"तो कशाला? आठवण आहे ती. हरवला म्हणजे?"

तुम्ही उद्या त्या बाजूला असाल, तर अधूनमधून वर बघत जा. माझ्याकडून काही दिसायचं नाही, पण भांडण ऐकू येईल.