चार बोटांचं जाळं

आजवर मी पुष्कळ थापा मारल्या. ही गोष्ट मात्र लोकांना पटावी म्हणून मला थोडी कमी करूनच सांगावी लागते.

आमच्या बंदराचा मासा शेजारचा देश विकत घ्यायचा. एका वर्षी त्यांनी हात आखडता घेतला. तुमच्या जाळ्यांची भोकं बारीक, पिल्लंसुद्धा मरतात. जाळी बदला, मग मासा घेऊ. आमचं सरकार म्हणालं, आधी मासा घ्यायचं लिहून द्या, मग नव्या जाळ्यांना पैसे देऊ. 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत बोलणी अकरा महिने रेंगाळली. तोवर माझ्या थोरल्या भावाची नाव धक्क्याला पडून. शेवटच्या बैठकीच्या दिवशी तर भंगारवाला हातोडा घेऊन नावेपाशीच ठाण मांडून बसला. संध्याकाळपर्यंत सही झाली नाही, तर पहिला घाव.

बंदरातर्फे वहिनीला बोलावणं आलं. जाळं विणण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. सोबत मी. सचिवांनी दारातच बजावलं, "बाई, विचारलं तरच बोलायचं."

"आणि नाही विचारलं तर?"

"गप्प बसायचं."

"तोंड बसेल हो. हातांचं मी काही सांगू शकत नाही."

लांबलचक टेबल. अलीकडे आपले वीस, पलीकडे त्यांचे वीस. प्रत्येकाच्या कानाला भाषांतर ऐकायचं यंत्र आणि वायरींचा नुसता पसारा. चार तास आकडे आणि कलमं. माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा वहिनी टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला पोचली होती. सुटं सूत दिसलं की तिला राहवत नाही. चार बोटं घालून माप घ्यायचं, गाठ मारायची, पुढे सरकायचं.

"अहो वहिनी, सरकारी वायर आहे ती!"

"असेना! भावोजी, नुसती लोळत होती."

वायरी संपल्या तशा तिने पडद्यांच्या दोऱ्या ओढल्या. टेबलाच्या मधोमध छतापर्यंत जाळं उभं राहिलं, तरी कलमं चालूच.

तेवढ्यात आपले मंत्री भडकले. "आम्ही निघालो!" म्हणत ताडकन उठले, तर जाळ्यात गुंतलेल्या कानाच्या वायरीने त्या देशाच्या मंत्रीणबाई समोरच्या खुर्चीतून अर्ध्या वर! त्यांनी मागे ओढ घेतली, तर आपले तीन अधिकारी टेबलावर आडवे! वीजवाला कात्री घेऊन धावला.

"खबरदार!" वहिनी कडाडली. "आमच्यात विणायला घेतलेलं जाळं अर्धं टाकून कुणी उठत नाही. एक ओळ राहिलीय. बसा सगळे!"

आणि बसले. दोन्ही मंत्रीसुद्धा!

मग सगळ्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. खिडकीतलं ऊन जाळ्यावर आलं होतं. हजारो भोकं, पण एकात केसाचा फरक नाही. पट्टी नाही, यंत्र नाही, चार बोटं फक्त. चाळीस माणसांचा श्वास अडकला. मी तिचा सख्खा दीर, तीस वर्षं तिच्या हातचं जेवलेला. माझ्याही अंगावर सरसरून काटा आला.

मंत्रीणबाईंनी हळूच एका भोकात हात घातला. अलगद आरपार गेला. त्यांनी भुवया उंचावल्या. वहिनीने चार बोटं दाखवली.

"पिल्लू सुटतं, पोसलेला मासा अडकतो," ती आपल्या मंत्र्यांना म्हणाली. "विणणाऱ्या आम्ही बत्तीस जणी आहोत. सूत तेवढं द्या."

त्यांच्या सचिवाने चारशे पानांचा मसुदा जाळ्यातून पुढे सरकवला. अडकला. आमची फाईल तर त्याहून लठ्ठ! शेवटी मंत्रीणबाईंनी एका कोऱ्या पानावर दोन ओळी लिहिल्या: तुमचा पैसा आणि आमची खरेदी, दोन्ही एकाच तारखेपासून. पानाची सुरळी करून सोडली, ती सुळकन अलीकडे आली. आपल्या मंत्र्यांनी गुडघ्यावर ठेवून सही ठोकली.

मी भावाला फोन लावला. "दादा, भंगारवाल्याला घालव."

पलीकडे त्याने भंगारवाल्याला हाकललेलं ऐकू आलं. मग मला म्हणाला, "तिला फोन दे."

"आत्ता नाही देता येत," मी म्हणालो.

दोन सरकारांचे दोन मंत्री कोट काढून, बाह्या सारून, जाळ्याची दोन टोकं ताणून उभे होते, आणि वहिनी मान वर न करता म्हणत होती, "अहो, ढिलं सोडू नका हो!"