आलेखातले सुळके

“हात थरथरत असतील, मामा, तर आधी सांगायचं ना! सगळ्यांची मेहनत मातीत घातलीत.”

मॅडम हे सगळ्या विद्यार्थ्यांसमोर बोलल्या. प्रयोगशाळेच्या भट्टीवरचे मामा हातातला चिमटा खाली ठेवायचंही विसरले. “चुकलं असेल, मॅडम. वय झालं,” एवढंच म्हणाले.

काचेतले अणू विस्कटलेले असतात. त्या विस्कटण्यालाही काही रीत असते का, हेच मॅडम आयुष्यभर शोधत आल्या होत्या. त्यांच्यासाठी मामा भट्टीतला वितळलेल्या काचेचा रस तांब्याच्या थंड पाट्यांवर झटकन ओतत. जरा रेंगाळलं, की अणू रांगा धरतात आणि काचेऐवजी स्फटिक हाती येतो. क्ष-किरणांच्या आलेखात काचेचा पसरट उंचवटा दिसतो. स्फटिकाचे टोकदार सुळके. मामांच्या नव्या काचेत सुळके आले होते.

मामांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. मॅडमनी थांबवलं नाही.

पुढे एका सकाळी क्ष-किरणांचं यंत्र तपासायला मॅडमनी खिडकीची साधी काच ठेवली. तेच सुळके! काच काढून नमुन्याखालची नुसती चकती ठेवली, तरी तेच. किरण धातूच्या चकतीवर सांडत होते. ती नवी चकती आणली मॅडमनी, बसवलीही त्यांनीच. विद्यार्थ्यांना बोलावून त्यांनी आलेख दाखवला, चूक सांगितली आणि तशाच मामांच्या घरी गेल्या.

“काच अस्सल होती, मामा. चूक माझी होती. परत या.”



“म्हणजे हात धड होता माझा?”

“हो.”

“आणि मी येडा, सारखा समोर धरून बघत बसायचो. बघता बघता खरंच थरथरायला लागला.” ते हसले. मॅडमना हसता येईना.

मामी चहा घेऊन आल्या. मॅडमचा कप भरलेला, मामांचा अर्धा.

“पुरता भर गं,” मामा म्हणाले.

“अहो, सांडेल...”

“भर.”

मामींनी भरला. मामांनी दोन्ही हातांनी कप उचलला. चहा हिंदकळला, बोटांवरून ओघळून गुडघ्यावर सांडला. मामींनी पुढे केलेलं फडकं त्यांनी घेतलं नाही. मॅडमना दुसरीकडे बघावंसं वाटलं. त्या बघत राहिल्या.